धरलेला हात

लढाई सुरू व्हायच्या आधी मी चेर्कासीच्या डेअरीत प्रयोगशाळेत होते. दुधात पाणी किती, फॅट किती, एवढंच माझं जग. आता मी आमच्या ब्रिगेडच्या जखमींची आणि त्यांच्या घरच्यांची तजवीज बघते. कुणाला कुठल्या इस्पितळात हलवायचं, कुठला सर्जन गाठायचा, कृत्रिम पायासाठी कुठे नंबर लावायचा, लांबून आलेल्या बायकोला झोपायला खोली कुठे मिळेल, आणि घरी फोन केल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं. पहिलं वाक्य नेहमी एकच असतं : जिवंत आहे. बाकीचं मग.

देम्यान ह्रिन्को आला तेव्हा बाहेरच्या लिंडनच्या झाडांना पानं फुटली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट त्याला मिळाली. काचांवर आडव्यातिडव्या चिकटपट्ट्या, आणि त्यांच्या फटीतून पलीकडे नदी. आमच्याकडे नीपर समुद्रासारखी रुंद आहे, दुसरा काठ दिसत नाही. देम्यानने पहिल्याच दिवशी मला खाट फिरवायला सांगितली. नदीकडे पाठ करून झोपायचं होतं त्याला.

त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. नदीच्या खालच्या अंगाला, पलीकडच्या काठावरून परत येताना त्यांची होडी उडाली. लुक्यान नावाचा त्याचा जोडीदार पाण्यात पडला. देम्यानने फुटक्या होडीच्या कडेवरून ओणवं होऊन त्याचा हात पकडला, आणि तेवढ्यात दुसरा स्फोट झाला. शुद्ध आली तेव्हा इतर लोक त्याला चिखलातून ओढत होते. लुक्यान नव्हता आणि हातही नव्हता.

त्याची बायको ओरिस्या उमानहून आली. बारीक चणीची, पोट दिसायला लागलेलं. टॉवेलात गुंडाळलेल्या बरणीतून चीजचं सारण भरून उकडलेले वारेनिकी घेऊन यायची आणि ते थंड होईपर्यंत नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तो खात नव्हता. दुखत होतं म्हणून.

आता नसलेला हात दुखतो यात गूढ काही नाही. आमच्या वॉर्डात निम्म्यांचं काहीतरी नसलेलं दुखतं. मेंदूला बातमी उशिरा पोचते, असं डॉक्टर बेरेझ्नी सांगतात. शेजारच्या खाटेवरचा सावा गुडघ्याखाली रिकामा होता. त्याला न उरलेल्या टाचेला खाज सुटायची. तो देम्यानला म्हणायचा, "माझा पाय सुट्टीवर गेलाय बघ. तुझा हात अजून ड्युटीवर आहे."

देम्यान हसायचा नाही. डॉक्टरांनी त्याला विचारलं, मूठ आवळल्यासारखी वाटते का, नखं तळव्यात रुततात का? बहुतेकांचं तसंच असतं. देम्यानने बराच विचार करून सांगितलं, की मूठ त्याने आवळलेली नाही. हात दुसऱ्या कुणीतरी धरलेला आहे. गार पाण्यात.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

एप्रिलात मोत्रिया मावशी आली. लुक्यानची आई. साखर कारखान्यात क्रेन चालवण्यात तिचा जन्म गेला होता. धिप्पाड, आवाज मोठा. यंत्रांच्या गोंगाटात बोलायची सवय. लुक्यान बेपत्ता होता. मेलेला नव्हे, पकडलेला नव्हे, नुसता बेपत्ता. तिने तपासणीसाठी रक्त दिलं होतं, सगळ्या कचेऱ्यांचे जिने चढून झाले होते, मुलाचा फोटो छातीशी धरून चौकात उभी राहून झाली होती. बेपत्ता माणसाची आई आली की तिला द्यायला माझ्याकडे पहिलं वाक्यसुद्धा नसतं.

मी तिला आधीच बजावलं, की पोरगा अशक्त आहे, फार विचारू नका. तिने मान हलवली, आत गेली, खाटेपाशी उभी राहिली आणि सरळ विचारलं,

"हात सोडलास तेव्हा तो जिवंत होता का रे?"

"मावशी," देम्यान म्हणाला, "मी सोडलाच नाही."

ती खुर्ची ओढून त्याच्या डाव्या बाजूला बसली. थोड्या वेळाने तिने चादरीवर आपला हात पसरला, जिथे त्याचा हात असायला हवा होता तिथे. मला वाटलं, बिचारी, चुकून ठेवला असेल.

देम्यान डोळे मिटून म्हणाला, "थोडा खाली. तिथे मनगट आहे. हं, तिथे."

मग त्याने श्वास सोडला. आला त्या दिवसापासून मी त्याचा असा श्वास ऐकला नव्हता. त्या दुपारी तो झोपला, आणि उठल्यावर ओरिस्याच्या हातून चार घास खाल्ले.

मी मोत्रिया मावशीला इस्पितळामागच्या वसतिगृहात खोली मिळवून दिली. कामाचा भाग होता. एका बाईचं दुःख हलकं होतंय, एका जखमीला झोप लागतेय, याहून चांगलं काय? ती रोज सकाळी यायची, डाव्या बाजूला बसायची, मोकळ्या चादरीवर हात ठेवायची आणि मुलाशी बोलायची. देम्यानशी नव्हे, चादरीशी. शेजारणीची गाय व्यायली. छपराचा पत्रा उडाला. तुझी सायकल मी कुणाला देत नाही.

मधूनच विचारायची, "थंडी वाजते का रे?"

आणि देम्यान हलक्या आवाजात सांगायचा, "हात दाबला त्याने."

मला ते आवडलं नाही. मी देम्यानला बाल्कनीत घेऊन गेले आणि स्पष्ट सांगितलं, की तुझा हेतू चांगला असेल, पण आशेची सवय लागलेली आई मी पाहिली आहे, तिला नंतर कुणी सावरू शकत नाही. दया म्हणूनसुद्धा असं करू नकोस.

तो कठड्याला टेकून उभा होता, नदीकडे पाठ करून. म्हणाला, "यारिना ताई, खोटंच बोलायचं असतं तर मी काहीतरी चांगलं सांगितलं असतं."

त्यानंतर मी बारकाईने बघायला लागले. मेमध्ये वॉर्डाची एक भिंत गळायला लागली म्हणून खाटा हलवल्या. देम्यानची खाट उलटी झाली. डोकं होतं तिथे पाय आले. मोत्रिया मावशी सवयीने डाव्या बाजूला बसली तर त्याने मान हलवली. हात आता त्या बाजूला नव्हता. तो छातीवरून आडवा उजवीकडे गेला होता, दाराच्या दिशेला. म्हणजे पूर्वी जिकडे होता तिकडेच. खाट फिरली होती, हात फिरला नव्हता. सावा म्हणाला, होकायंत्र झालंय पोराचं. दार दक्षिणेला होतं. नदी तिकडेच वाहत जाते.

मी मनाशी म्हटलं, त्याला दिशा ठाऊक आहेत. सैनिकाला असतातच.

मग एका सकाळी नर्सने मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. बँडेज ओलं होतं. रक्त नव्हतं, पू नव्हता. जखम कधीच भरली होती, पण टोकाची कातडी पांढरी फटक आणि सुरकुतलेली, दिवसभर कपडे धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, की शरीर असं पाणी सोडतं कधी कधी. असेलही. मी ते बँडेज नाकाशी धरलं. डेअरीत अर्धं काम नाकानेच होतं. औषधाचा वास नव्हता, घामाचा नव्हता. शेवाळाचा होता.

मी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात दोनदा धुतले.

जूनपासून देम्यान खंगायला लागला. मावशी आली की पूर्वी पकड सैल व्हायची, आता होईना. तो सांगायचा, की आता पाणी नाही, वर माती आहे, आणि लुक्यान हात ओढतोय. त्याच्या बाजूला. आपण खाटेवर सरळ झोपतो; देम्यान कलून झोपायचा, आणि उजव्या हाताने खाटेचा लोखंडी दांडा इतका घट्ट धरायचा की तळव्याला फोड आले. उरलेल्या डाव्या दंडाचे स्नायू ताणलेले, दोरीसारखे. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. अन्न पोटात ठरेना. सावाने विनोद करणं थांबवलं आणि एक दिवस मला कुबड्यांवर गाठून विचारलं, की आपल्याला दुसऱ्या वॉर्डात जागा मिळेल का. कारण विचारलं तर म्हणाला, घोरतो फार. देम्यान तेव्हा झोपतच नव्हता.

डॉक्टर बेरेझ्नींनी एक ऑपरेशन सुचवलं. तोडलेल्या नसांची टोकं उरलेल्या स्नायूत नेऊन जोडायची. नसांना नवं काम मिळालं की त्या जुन्या हाताची आठवण काढत नाहीत, गप्प बसतात. हे करणारा सर्जन कीव्हहून येणार होता, थोड्याच दिवसांसाठी. मी फोनवर फोन करून, हातापाया पडून देम्यानसाठी वेळ मिळवली. हे मला जमतं.

देम्यानने नकार दिला.

ओरिस्याने विनवलं, रडली, बोलणं बंद केलं. तो एकच सांगत राहिला : आपण जोडलेले आहोत तोवर लुक्यान कुठेतरी आहे, एवढं एकच टोक आहे, ते मी कापणार नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की हा असाच राहिला तर पोराचं तोंड बघायला उरणार नाही. वजन बघा त्याचं.

ओरिस्याने मोत्रिया मावशीला कॉरिडॉरमध्ये अडवलं, तेव्हा मी तिथेच होते. जेवणाची गाडी चालली होती, बोर्श्चचा, बीटरूटच्या सूपचा, वास पसरला होता. ओरिस्या आवाज न चढवता म्हणाली,

"मावशी, तुमचा मुलगा माझ्या नवऱ्याला खातोय."

मोत्रिया मावशी भिंतीला टेकली. ती इतकी मोठी बाई, पण भिंतीपाशी लहान दिसली. "माझ्याकडे दुसरं काय आहे गं त्याचं?" ती म्हणाली. "एक फोटो, आणि ती वीतभर चादर. तेवढीसुद्धा काढून घेतेस?"

"माझ्याकडे तरी दुसरा नवरा आहे का?"

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. जणू निकाल माझ्याकडे होता. दोन्ही घरं माझ्याच भरवशावर होती, दोघींच्या खोल्यांच्या किल्ल्या मीच दिल्या होत्या. मोत्रिया मावशी सावकाश खाली बसली, आधी एक गुडघा, मग दुसरा, आणि ओरिस्याच्या फ्रॉकची कड धरून म्हणाली, "दोन दिवस दे. मी त्याला विचारते. फक्त दोन दिवस."

ओरिस्याने कड सोडवून घेतली नाही. उभी राहिली तशीच, पोटावर हात ठेवून.

दोन दिवस लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मोत्रिया मावशी आली ती केस विंचरून, स्वच्छ रुमाल बांधून, जणू कुणाला स्टेशनवरून आणायला निघाली होती. देम्यानच्या ओठांना पापुद्रे आले होते. उजवा हात दांड्यावर. ओरिस्या पायथ्याशी, मी दाराशी. बाहेर लख्ख ऊन होतं, लिंडन फुलले होते आणि तो गोडसर वास खिडकीतून आत येत होता.

मावशी बसली. चादरीवर हात ठेवला.

"त्याला विचार," ती देम्यानला म्हणाली, "वर यायचंय का? आई न्यायला आलीय म्हणावं."

देम्यानने डोळे मिटले.

आम्ही थांबलो. उशाशी ठेवलेल्या सूपवर साय धरली. सावा कुशीवर वळून आमच्याकडे बघत होता.

देम्यानच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "मावशी," तो म्हणाला, "तो येत नाहीये. तो मला नेतोय."

"ओळखतो का तो तुला?"

"माहीत नाही. धरलंय एवढंच त्याला कळतं."

मावशीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते. मग ती पुढे वाकली, कपाळ चादरीला टेकेपर्यंत, आणि लहान मुलाला समजावावं तसं बोलली.

"लुक्यान. सोड बाळा त्याला. त्याचं लेकरू यायचंय. आईचा धर."

देम्यान ओरडला.

एकदाच. मग तो खाटेवर सपाट पडला, कुणीतरी दोर कापावा तसा. उजवा हात दांड्यावरून गळून खाली आला.

सावाने तोंड भिंतीकडे केलं.

मी चादर बघत होते. मावशीच्या बोटांपासून गादीच्या कडेपर्यंत एक सुरकुती पळत गेली आणि विरली. वारा नव्हता.

मावशी उठायला गेली तर तिला लगेच उठता आलं नाही. हात चादरीवरून निघेना. तिने दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ धरली, दात आवळले, आणि उठली. तिचा डावा खांदा उजव्याहून खाली होता.

"चला," ती म्हणाली. आम्हाला म्हणाली की कुणाला, कळलं नाही.

ती त्याच संध्याकाळी गावी निघाली. मी तिची बॅग स्टेशनपर्यंत नेली. ती डावा हात अंगापासून जरा दूर धरून चालत होती, आणि मधून मधून वेग कमी करत होती, दुसऱ्या कुणाच्या पावलांशी जुळवून घ्यावं तशी.

ऑपरेशन झालं. उत्तम झालं. सर्जनने खुशीत सांगितलं, की इतका चांगला परिणाम फार कमी जणांत दिसतो. देम्यान खायला लागला, झोपायला लागला, कृत्रिम हाताने बटण लावायला शिकला. मी त्याला विचारलं नाही, पण एकदा तोच म्हणाला, की त्या बाजूला आता काहीच नाही, भिंत असल्यासारखं. ऑगस्टच्या अखेरीस मुलगी झाली. ओरिस्याने मोत्रिया मावशीला कळवायचा प्रयत्न केला. तिने फोन उचलला नाही.

माझेही फोन तिने घेतले नाहीत. बेपत्ता माणसांच्या घरी आम्हाला अधूनमधून जावं लागतं, म्हणून नोव्हेंबरात मी गेले. किरोवोह्राद भागातलं सपाट मैदानी गाव. आजूबाजूला काढणी झालेली बीटची शेतं, काळी ओली माती, आणि नजर पोचेल तिथवर पाण्याचा थेंब नाही. फाटकाशी शेजारीण भेटली. मी नाव सांगताच तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "घरातून सरळ जा. मागच्या दाराने. नवं आहे."

घर टापटीप होतं. शेगडीवर मंद आचेवर किटली. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत मधोमध एक दार पाडलेलं होतं, कोऱ्या फळ्यांचं, भोवतालच्या विटा अजून उघड्या. त्याला पायरी नव्हती. पलीकडे वाट नव्हती. सरळ शेत.

शेतात, घरापासून बऱ्याच अंतरावर, मोत्रिया मावशी खुर्चीत बसली होती. माझ्याकडे पाठ. दारापासून तिच्यापर्यंत चिखलात दोन चर गेले होते, खुर्चीच्या पायांचे. पावलांचे ठसे फक्त बाजूने येणारे-जाणारे होते, शेजारणीचे असावेत.

मी चिखल तुडवत तिच्यापर्यंत गेले. ती वाळली होती, पण चेहरा शांत होता. मला बघून तिला खरंच आनंद झाला. देम्यानचं विचारलं, बाळाचं नाव विचारलं, वजन किती भरलं विचारलं. डाव्या हातावर गोधडीचा तुकडा घातला होता आणि तो ओला होता.

मी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, दुखेल कसं, पोरगं आहे. दाराचं विचारलं तर म्हणाली, तो रोज थोडं थोडं ओढतो, भिंत आड यायला लागली होती.

मी माझं काम केलं. तिला त्या सर्जनबद्दल सांगितलं. सगळी सोय मी करीन, म्हटलं, गाडी पाठवीन, तुमच्यासोबत राहीन. नसांवरच इलाज आहे, हात शाबूत असला तरी काहीतरी करता येईल. बोलता बोलता माझाच आवाज चढला. मी तिच्यापुढे चिखलात गुडघ्यांवर बसले होते, ते मला नंतर कळलं.

तिने उजव्या हाताने माझ्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"एकदा सोडायला सांगितलं मी त्याला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकरासाठी. त्याने ऐकलं. आता परत सांगू? स्वतःसाठी?"

मग ती म्हणाली, अंधार पडायच्या आत निघ, रस्ता खराब आहे. शेजारीण रात्री घोंगडी आणून देते, काळजी करू नको. मी चार पावलं गेले तेव्हा तिने मागून हाक मारून किटलीखालचा गॅस बंद करायला सांगितलं.

मी केला. गाडीत बसले. रस्ता शेताला वळसा घालून जातो, त्यामुळे ती मला पुन्हा दिसली, या वेळी बाजूने. उतरतं ऊन होतं, स्वच्छ, सगळं रेखीव दिसत होतं. मोत्रिया मावशी खुर्चीत निवांत बसली होती, घरात बसावं तशी. तिने मला उजवा हात हलवून दाखवला.

खुर्ची पुढच्या दोन पायांवर उभी होती. मागचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर होते, आणि ते खाली येत नव्हते.